टीव्ही सोडून आमची तोंडं पाहणारा

ज्याचा टीव्ही त्यानंच टीव्हीकडं पाहू नये, असा माणूस मी जिंदगीत एकच पाहिला. भिलाईले सेक्टर दोनमधल्या त्याच्या क्वार्टरात, समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर टीव्ही होता आणि त्याच्या बाजूला भिंतीले टेकून एक लोखंडी खुर्ची. त्या खुर्चीवर तो बसे, तोंड आमच्याकडं करून. आम्ही चटईवर, दारात, खिडकीच्या बाहेर, सारे टीव्ही पाहून राहिलो आणि हा आमची तोंडं पाहून राहिला. नवीन माणसाले वाटे, चपला चोरीले जाऊ नये म्हणून हा राखण करत बसला असंल.

कोणी विचारलं तर त्याचा जवाब ठरलेला होता. "टीव्ही माह्याच घरचा हाय, कुठी पळून नाही जात. तुमी मंग निघून जाता."

मी चौथी शिकलो. लिहिता येते, शुद्ध लिहिता येत नाही, आणि आता या वयात शिकणारही नाही. ज्याले शुद्ध पाहिजे त्यानं दुसरं काही वाचावं. पण या माणसाबद्दल लिहायचं तर ते मलेच लिहावं लागंल, कारण त्याची खरी गोष्ट भिलाईत दोघांनाच माहीत होती. एक तो आणि दुसरा मी. निदान मी इतके वर्ष तसं धरून चाललो.

खरी गोष्ट ही, की त्याले ऐकू येत नव्हतं. एकदम ठार बहिरा नव्हता. भांडं पडलं तर समजे, माणूस काय बोलला ते समजत नसे. त्याच्या बापाचेही कान असेच भरजवानीत गेले होते. आम्ही दोघं स्टील प्लांटात फोर्ज शॉपात, तापलं लोखंड ठोकायच्या मोठ्या हॅमरवर. तो हॅमर चालू झाला की चांगल्या कानाचा माणूस आणि बिनकानाचा माणूस सारखाच. सारे हातानं बोलतात, ओठ पाहून समजून घेतात. म्हणून शॉपात त्याचं कधी अडलं नाही. उलट ओठ वाचाले त्याच्यासारखा दुसरा नव्हता. अडचण होती ती घरी, लग्नकार्यात, चार माणसं बसून बोलतात तिथं. आणि त्यानं ठरवलं होतं, की ही गोष्ट कोणाले समजू द्यायची नाही. बायकोले तर नाहीच नाही.

त्याचं कारण मले त्यानं एकदाच सांगितलं, तेही बापाची गोष्ट म्हणून. वर्ध्याकडच्या गावात बाप ओट्यावर बसून राहे. लोक त्याच्या समोर त्याच्यावरच काही बोलत आणि हसत. आणि बाप त्यांच्यासोबत हसे, काय झालं ते माहीत नसताना. हा पोरगा आतून ते पाहे. "मानसानं मारलं तं चालते," तो मले म्हणाला, "पन आपल्याले बाहेर ठेवून हसू नये." एवढं बोलून तो डब्यातली भाजी संपवाले लागला.

त्याच्या घरचे कायदे अजब होते. तोंडात तंबाखूचा खर्रा ठेवून बोलाले बंदी. तोंडावर हात ठेवून हसाले बंदी. बायकांना पदर तोंडाशी नेऊ देत नसे, म्हणे हे काही सासर नाही. टीव्ही पाहताना सारे म्हणत, लाइट बंद करा, टॉकीजसारखी मजा येते. हा ट्यूबलाइट चालू ठेवे आणि डोळे खराब होतात म्हणून सांगे. आणि मिश्यांवर तर त्याचा दुश्मनासारखा राग. "मिशीवाला खरं बोलते का खोटं, समजत नाही," असं तो भर बैठकीत बोलून जाई, समोर दोन-चार मिशीवाले बसलेले असताना.

पोरीले रायपूरचं स्थळ आलं तेव्हा तर कमाल झाली. पोरगा रेल्वेत, घर चांगलं, सारं जमून आलं होतं. पण पोराच्या मिश्या अशा, की वरचा ओठ दिसतच नव्हता. पोरगा लाजत लाजत बोलून राहिला आणि याले एक अक्षर लागून नाही राहिलं. पाव्हणे गेल्यावर यानं सांगून टाकलं, जमत नाही. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, विचारलं, अजी कावून? हा म्हणे, मिश्या. पोरगी रडाले लागली. शेवटी मी रायपूरले गेलो, पोराले बाहेर पानठेल्यावर घेतलं आणि सांगितलं, बाबू, बायको पाहिजे का मिशी, तूच ठरव. पुढच्या खेपेले पोरगा साफ दाढीमिशी करून आला. यानं त्याच्याशी पोटभर गप्पा केल्या आणि मले म्हणाला, "पोरगा लय समजदार हाय. पयल्यांदा कावून नाही बोलला असा?"

आता सिरियलबद्दल सांगतो. मंगळवारी संध्याकाळी ती लागे. एक क्लार्क, त्याची बायको, दोन पोरं आणि त्याची म्हातारी आत्या. त्यानं एक जुनी मोटार घेतली आहे आणि ती मोटार कधी चालू होत नाही. अंगणात उभी राहते. सारं घर त्या मोटारीत बसून चहा पिते, पोरं तिच्यात अभ्यास करतात, भांडण झालं की बायको जाऊन मागच्या सीटवर झोपते. एकदा सारे लग्नाले जाण्यासाठी नटून-थटून मोटारीत बसले. मोटार काही हलली नाही. शेवटी बँडवाले रस्त्यावरून चालले होते ते यांच्याच दारात थांबले आणि शेजारपाजारचे लोक मोटारीले हार घालून गेले. आजही आठवलं की मी एकटा हसतो आणि सून विचारते, बाबा, क्या हुआ.

अशी नुसती पाहाची गंमत असली की तो आमच्या आधी हसे. मान थोडी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून घेई. एकदा साहेब जेवाले येणार आणि घरात एक खुर्ची मोडकी. साहेब त्या खुर्चीवर बसू नये म्हणून सारं घर धावून राहिलं, कोणी पटकन बसते, कोणी पोराले बसवते, साहेब आपला हातात पाण्याचा गिलास घेऊन उभाच. तेव्हा हा इतका हसला की लोखंडी खुर्ची भिंतीवर आपटाले लागली. मंग आम्ही टीव्ही सोडून त्यालेच पाहाले लागलो.

पण बोलण्याची गंमत असली की त्याचा सारा जीव आमच्या तोंडात. आम्ही हसलो की तो हसे, आम्ही गप झालो की गप. त्यातही माह्या तोंडावर त्याचा जास्त भरोसा. माही जागा चटईवर सर्वांत समोर ठरलेली होती, दुसरा कोणी बसला तर तो त्याले उठवे. मले आधी मान वाटला. नंतर समजलं.

समजलं ते असं. मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये जेवताना तो माह्या समोर येऊन बसे. बाजूले नाही, समोर. आणि मास्तरासारखा विचारे, "सांग पाहू, काल काय काय झालं. तुहं ध्यान होतं का नाही पायतो." मी सांगू लागलो की डोळे माह्या ओठांवर. मी घास घेतला तर चिडे, आधी बोल मंग खा. दोन-चार बुधवार गेले आणि एका बुधवारी मी मुद्दाम ताटाकडं पाहत बोललो. त्याचं तोंड एकदम पडलं. ते तोंड पाहून मी पुन्हा मान वर केली आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवसापासून मले माहीत होतं, आणि मले माहीत आहे हे त्याले माहीत होतं. पण हा विषय आमच्या दोघांत कधी निघाला नाही.

मंग तो टेलिफोनचा सीन आला. क्लार्क साहेबाले फोन लावून सुट्टी मागते, आत्या मेली म्हणून. आणि आत्या त्याच्या मागंच पलंगावर शेंगा फोडत बसली आहे. झालं, त्या सीनमध्ये दुसरं काही नाही. एक माणूस फोनवर बोलते आणि एक म्हातारी शेंगा खाते. पण बोलणं असं होतं की खोली लोळून राहिली. माह्या डोळ्याले पाणी आलं. तोही हसला आमच्यासोबत, पण मी पाहिलं, त्याची नजर या तोंडावरून त्या तोंडावर फिरून राहिली होती, हरवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो डबा न उघडताच बसला. सांग. मी सांगितलं, फोन लावला, आत्या मेली म्हणाला, आत्या मागंच बसली होती. आणि मंग मी अडकलो. कारण शेवटचं बोलणं मलेही ऐकू आलं नव्हतं. खोली भरलेली असली की एका हसण्यात पुढचं बोलणं बुडून जाते, ते कोणालेच ऐकू येत नाही. पण हा माह्या ओठांकडं टक लावून बसलेला. अर्ध्यात कसं सोडावं? मी म्हणालो, "मंग आत्या मागून म्हनते, बाबू, मी मेली तं खीर जास्त कर. लोक लय येतीन."

तो असा हसला, की बाजूच्या टेबलावरचे छत्तीसगडी गडी उठून पाहाले आले, काय होगे ददा, म्हणून.

याले कोणी खोटं म्हणत असंल तर म्हणो. जे ऐकू आलं ते मी सांगितलं, जे नाही आलं तिथं त्या आत्याले शोभंल असं बोललो. गोष्ट सांगताना मधात रिकामी जागा ठेवणं मले जमत नाही. त्यानंतर तर कधी कधी ऐकू आलं असलं तरी मी माह्या मनानं सांगे, कारण टीव्हीवाल्यांचं सारंच काही चांगलं नसते.

त्यानं ते खिरीचं बोलणं त्याच संध्याकाळी घरी नेलं, टीव्हीतल्या आत्याचं म्हणून. काही दिवसांनी वहिनीले ताप आला. मी पाहाले गेलो. जय भीम वहिनी, कसं आहे, म्हटलं. तर खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "भाऊजी, ह्यायले सांगून ठेवा, मी मेली तं खीर जास्त करा. लोक लय येतीन." आणि हा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिच्या ओठांकडं पाहून हसून राहिला. मी थोडा दचकलो. वहिनी तर मंगळवारी सैपाकखोलीच्या दारात पाटावर बसलेली असे. पण त्या गोंगाटात तिलेही शेवटचं ऐकू गेलं नसंल, असं मी धरलं आणि चहा पिऊन आलो.

मंग ते त्या घराचंच बोलणं झालं. वहिनीले ठसका लागला की खीर. सिलिंडर संपला की खीर. दोघं भांडून अबोला धरत, आणि दोघंही माह्याइतकेच हट्टी, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा दारात जाऊन विचारे, खीर किती करू? की झालं, अबोला सुटला.

पुढं घरोघरी टीव्ही यायले लागले. आधी बाजूच्या दुर्गवाल्या काकांकडं आला, तोही रंगीत. मंग समोरच्या लाइनीत. हा एकेकाच्या घरी जाऊन टीव्ही पाहून येई, म्हणजे तपासून येई. याचा रंग भडक, पोरांचे डोळे जातीन. त्याचा आवाज फाटका, मले तर सहनच झाला नाही, असं हा सांगे, आणि मले हसू दाबावं लागे. कोणाच्या अँटेनावर वीज पडणार, कोणाच्या टीव्हीतून शॉक बसणार, सारं त्याले माहीत. लोक म्हणत, आपलीच शान राहिली पाहिजे म्हणून जळते. त्याच्या खोलीतली चटई दर मंगळवारी जास्त जास्त दिसाले लागली. खिडकी रिकामी झाली, मंग दार. आणि मी पाहून राहिलो, की टीव्ही चालू आहे, तो त्याच खुर्चीवर बसला आहे, आणि पाहाले तोंडं उरली नाहीत.

माह्या घरीही कटकट सुरू झाली. बायको म्हणे, साऱ्या लाइनीत आपल्याच घरी टीव्ही नाही, लोक काय म्हणत असतीन. पोरं म्हणत, पापा, सबके घर में है. मी म्हणालो, घेणार नाही. कावून नाही? नाही म्हणजे नाही. कारण मी कोणाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची गोष्ट बाहेर पडली असती. माणूस चिकट आहे, खडूस आहे, असं माह्या सासरपर्यंत पोचलं. पोचू द्या म्हटलं. बायकोनं रागानं मंगळवारी त्याच्याकडं यायचं सोडलं. शेवटी मी एकटा उरलो, आणि दारात वहिनी.

एका माणसाच्या तोंडावर सारी सिरियल चालवायची म्हणजे मेहनत असते बाप्पा. मले खोकला आला तरी तो हसायच्या तयारीत राहे. मी हॅमरवरून थकून आलेला असो, घरी भांडून आलेला असो, मंगळवारी तोंड ताजं ठेवावं लागे. पण मी गेलो. पोरगा कमावता झाला आणि त्यानं न विचारता टीव्ही आणला, तेव्हाही मी मंगळवारी तिकडंच गेलो. ती सिरियल बंद झाली, दुसऱ्या आल्या, आम्ही दोघं रिटायर झालो, त्यानं भिलाईतच रुआबांधा भागात छोटं घर बांधलं, मी तिथंही गेलो.

वहिनी गेली त्याले आता काही वर्ष झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारातले भन्तेजी आले, वंदना झाली, आणि जेवणाच्या पंगतीत हा स्वतः खिरीचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन वाढाले निघाला. दुःखाच्या जेवणाले खीर, तीही एवढा मोठा गंज. लोक नको म्हणत आणि हा, घ्या, अजून घ्या, तिनं सांगून ठेवलं हाय, म्हणे. आणि वाढता वाढता हसे. नातेवाईक एकमेकांकडं पाहाले लागले, बिचाऱ्याचं डोकं फिरलं म्हणून. मी दोन वाट्या मागून घेतल्या.

ती गेल्यावरच त्यानं एक दिवस जाहीर केलं, की आजकाल मले थोडं कमी ऐकू येते. म्हातारपणी कान जातात, त्यात लाज नाही. जसं काही कालपासून सुरू झालं. पोरीनं मनावर घेतलं, रायपूरच्या डॉक्टरले दाखवलं, आणि मागच्या हिवाळ्यात कानाची मशीन घेऊन ती आणि जावई आले. मलेही बोलावलं. मशीन लावल्यावर तो आधी पंख्याकडं पाहून राहिला, मंग चप्पल घासून पाहिली. पोरीनं विचारलं, बाबा, काय ऐकायचं? तो म्हणाला, मंगळवारची सिरियल.

जावयानं फोनवर शोधली आणि मोठ्या टीव्हीवर लावली. आजकाल सारं भेटते. त्या दिवशी तो पहिल्यांदा माह्या बाजूले बसला, टीव्हीकडं तोंड करून. मोटारीच्या लग्नाले हसला, खुर्चीच्या सीनले हसला. मंग टेलिफोनचा सीन आला. तो पुढं सरकून बसला.

क्लार्कनं फोन लावला. आत्या मेली म्हणाला. पलीकडून साहेबानं काही विचारलं असंल. क्लार्कनं मागं वळून पाहिलं, म्हातारी शेंगा खाऊन राहिली होती, आणि त्यानं फोनवर हिंदीत सांगितलं, की साहेब, बहुत शांती से गई, खाते-खाते. हेच ते बोलणं होतं जे आमच्या हसण्यात बुडून गेलं होतं. चांगलं होतं, नाही म्हणत नाही. तो आत्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिला. म्हातारीनं अजून एक शेंग फोडली, आणि पुढचा सीन लागला.

"मागं घे," तो जावयाले म्हणाला. जावयानं मागं घेतलं. म्हातारी पुन्हा शेंगा खाऊन गेली.

"म्हातारी तं बोललीच नाही," तो म्हणाला. "खिरीचं?"

"तिचं रायून गेलं होतं," मी म्हणालो. "म्हनून मी बोललो."

त्यानं माह्याकडं पाहिलं. मले वाटलं आता चिडंल. हे बोलणं घेऊन त्यानं सारा संसार केला होता, बायकोले पोचवलं होतं, आणि ते टीव्हीवर कधी झालंच नव्हतं. मी तयार होतो. चिडला असता तर मीही ऐकून घेणार नव्हतो. पण तो चिडला नाही. जावयाले त्यानं टीव्ही बंद कराले सांगितलं. पोरगी चहा ठेवाले आत गेली, आतून कपबशांचा आवाज आला, आणि त्यानं त्या आवाजाकडं, आतल्या दाराकडं मान वळवली.

"ती तं तिथंच बसून राहे," तो म्हणाला. "दारात."

"हो."

"तिचे कान चांगले होते."

"हो," मी म्हणालो. मले आतापर्यंत हे कसं सुचलं नाही कोणास ठाऊक. म्हातारी काहीच बोलली नाही हे वहिनीनं दारातून पाहिलं होतं, ऐकलं होतं. आणि नवरा घरी येऊन काय सांगून राहिला, तेही ऐकलं होतं.

"मंग तिले माहीत होतं," तो म्हणाला.

तो खिरीचं बोलत नव्हता. कानाची गोष्ट जन्मभर जिच्यापासून लपवली, तिचं बोलत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर आली. मी म्हटलं, आता आपणही बोलून टाकावं.

"मलेही माहीत होतं," मी म्हणालो.

"तुहं सोड," तो म्हणाला. "तुले तं मीच समोर बसवून ठेवलं होतं."